अंगठा कोणाच्या भरवशावर?

देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीला आले होते. तेव्हा बोलणं होतं ते ओळखीचं: ज्याच्याकडे कागद नाही, त्यालाही सरकारदरबारी नाव मिळेल. त्याच अंगठ्यावर बँक चालेल, हे पुढचं. आज सातपुड्याच्या पायथ्यापासून नवापूरपर्यंत कितीतरी घरांची बँक म्हणजे किराणा दुकानातलं एक टेबल, एक मोबाइल आणि दिवा लागणारं मूठभर यंत्र. पासबुक पेटीत पडलेलं, एटीएम कार्ड कधी घेतलेलंच नाही, आणि खात्याला जोडलेला नंबर ऊसतोडीला गुजरातेत गेल्यावर बदललेला.

अशा ठिकाणी 'ओटीपी कोणालाही सांगू नका' एवढी एक ओळ घेऊन गेलं, तर ऐकणारा मान हलवतो आणि मनात म्हणतो, तो कधी येतो माझ्याकडे?

खालचे दोघे कल्पित आहेत; जिल्ह्यात कुठल्याही बाजारपेठेत ते भेटतील. नाना सहकारी बँकेत रोखपाल होते, आता निवृत्त. त्यांची पुतणी शहाद्याकडच्या एका बाजाराच्या गावात सेवा केंद्र चालवते. दाखले काढून देते, पीक विम्याचे अर्ज भरते आणि अंगठ्यावर पैसेही देते.

नाना : मला एक सांग, फसतात कोण? महिन्यात दुप्पट म्हटलं की शेत गहाण टाकणारे. लॉटरी लागली म्हटलं की धावणारे. सगळं आयुष्य मी काउंटरमागे काढलं. हाव नसेल तर माणूस फसत नाही.

पुतणी : पीएम किसानचा हप्ता दोन हजारांचा, तोही हक्काचा. 'तुमचा हप्ता अडकलाय, केवायसी करा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. यात हाव कुठे आली, नाना? लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लगेच तशाच दिसणाऱ्या खोट्या वेबसाइट निघाल्या. आधार नंबर टाका, बँकेचं नाव टाका. बायका घाबरून टाकत होत्या. पंधराशे बंद होतील ही भीती. हावरट म्हणू नका त्यांना.

नाना : बरं, भीती म्हण. फाइल उघडली तर त्यांनीच ना?

पुतणी : उघडली. नाव 'पीएम किसान', चित्र तसंच, आणि पाठवणारा कोण? गावच्याच ग्रुपमधला माणूस. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलाय, हे त्यालाही माहीत नसतं. कधी आरटीओचं चलन म्हणून येते, लग्नसराईत तर लग्नपत्रिका म्हणून. नावाच्या शेवटी 'एपीके' असलं की ती पत्रिकाही नाही आणि पावतीही नाही, ते अ‍ॅप आहे. बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं. दिली, की बँकेचा प्रत्येक मेसेज तिकडे. ओटीपी सांगावाच लागत नाही, नाना. तो आपोआप जातो. आणि तुम्ही पाटी लावून बसलाय, ओटीपी सांगू नका!

नाना : पाटी मी लावली नाही, बँकेने लावली. पण माझं म्हणणं वेगळं आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मग मालकाच्या गावाची चौकशी करतो. तोच माणूस फोनवरच्या आवाजाला 'साहेब, साहेब' करतो. ही अक्कल जाते कुठे?

हा प्रश्न पुतणीने हसण्यावारी नेला, पण तो तसा टाकण्यासारखा नाही. यात्रेत खरेदीदाराला घाई नसते. नाही पटला तर पुढच्या दावणीला जायचं. फोनवरचा माणूस नेमकी ती सवड काढून घेतो: आत्ता करा, नाहीतर खातं बंद, आत्ता करा, नाहीतर लाइट कापू. निवृत्त लोकांना तर 'तुमच्या नावाने पार्सल पकडलंय' म्हणत तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. त्याला 'डिजिटल अरेस्ट' असं भारदस्त नाव दिलं. कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'रुको, सोचो, अ‍ॅक्शन लो' म्हणून सांगितलं, तरी पेन्शनीत निघालेली माणसं अजून घाबरतात. कारण पोलिसांशी कधी संबंध न आलेल्या माणसालाच पोलिसांची भीती सगळ्यात जास्त. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. एवढी रक्कम काही फक्त हावऱ्यांची नसणार.

नाना : म्हणून मी काय करतो? पेन्शनचं खातं मोबाइलला जोडलंच नाही. साधा बटणांचा फोन. महिन्याला बँकेत जातो, स्लिप भरतो, पैसे मोजून घेतो. कोण काय चोरणार माझं?

पुतणी : तुम्ही शहाद्यात राहता, बँक चालत दहा मिनिटांवर. धडगावच्या वरच्या पाड्यातली बाई काय करेल? जीपचं भाडं, मजुरीचा दिवस बुडाला, आणि बँकेत गेल्यावर 'उद्या या'. ती माझ्याकडेच येणार. आणि तिच्याकडे तर बटणांचाही फोन नसतो. तरी तिचे पैसे जाऊ शकतात. अंगठ्यावर पैसे काढायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कार्ड लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. मोबाइलपासून लांब राहिलात म्हणजे सुटलात, हे शहरातल्या पेन्शनवाल्याला ठीक आहे.

नाना : आता आलीस मुद्द्यावर. मग मला सांग, हे बोट तुझ्या यंत्रावर ठेवल्यावर आत काय होतं, ते तिला दिसतं का?

पुतणी : पडदा माझ्याकडे असतो.

नाना : हं. पुढे सांग.

पुतणी : सांगते. ऊस तोडून, मिरच्या खुडून बोटं चिरलेली असतात. रेषाच उमटत नाहीत. मी म्हणते, पदराला पुसा. पुन्हा ठेवा. दुसरं बोट ठेवा. दाबू नका. चार-पाच वेळा असं होतं. यातलं कुठलं बोट पैशासाठी, कुठलं केवायसीसाठी, कुठलं नुसतं ओळखीसाठी, तिला कळणं शक्य नाही. कोणी लबाड असेल तर पहिल्याच अंगठ्याला हजार काढतो, 'सर्व्हर डाउन आहे, पुन्हा ठेवा' म्हणतो, दुसऱ्या वेळी परत हजार काढतो, आणि हातावर एकदाच हजार ठेवतो. मेसेज गेलेला असतो जुन्या नंबरवर. तो नंबर बंद होऊन आता दुसऱ्याच कोणाला मिळालाय. चार महिन्यांनी पासबुक भरलं की ती विचारते, "मन्हा पैसा कथा गयात?"

नाना : म्हणजे चोर जामताड्यात बसलाय असं नाही. तो आपल्या बाजारात, ओळखीचा, 'ये काकू' म्हणणारा.

पुतणी : सगळे तसे नसतात.

नाना : सगळे तसे असते तर लोक आलेच नसते. आपल्या माणसावर विश्वास असतो म्हणूनच लुटता येतं.

इथे पुतणी जराशी अडली, आणि साहजिक आहे. मुद्दा तिच्या पोटावर येतो. पण नाना जे बोलले ते या जिल्ह्यातलं खरं दुखणं आहे, आणि फसवणुकीबद्दलच्या व्याख्यानांत ते बहुधा वगळलं जातं. पडद्यावरचा अनोळखी ठक दाखवणं सोपं असतं. बाजाराच्या दिवशी रांग लावणाऱ्या ओळखीच्या टेबलाबद्दल बोललं की गावात वाईटपणा येतो.

पुतणी : बरं, मग ऐका. पावती. माझ्याकडून निघताना पावती घ्यायचीच, यशस्वी झालं तरी आणि फेल झालं तरी. फेल झालेल्याची तर जास्तच. दर वेळी आधी शिल्लक बघायची, मग काढायचे, मग पुन्हा शिल्लक. आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. एकदा 'फेल' म्हटलं की लगेच दुसरा अंगठा द्यायचा नाही. आधी शिल्लक बघा म्हणायचं. वाचता येत नसेल तर शाळेतलं पोरगं सोबत आणायचं. पोरं आकडे बरोबर वाचतात, आणि लाजतही नाहीत.

नाना : आणि खात्यातून खरंच कापले गेले, पण पैसे हातात आले नाहीत तर? तुझ्या लबाडीमुळे नव्हे, रेंज गेली म्हणून?

पुतणी : मग पाच दिवसांत परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच ठरवून दिलंय. त्यापुढे रोजचे शंभर रुपये भरपाई, न मागता.

नाना : न मागता कोण देतं!

पुतणी : पावती असली की देतात. नसली की तुमच्यासारखा रोखपाल म्हणतो, 'आमच्याकडे काही दिसत नाही.'

नाना : माझ्यावर घसरू नकोस. मी एक साधा उपाय ऐकलाय, तो का सांगत नाहीस लोकांना? आधारवर बोटांना कुलूप लावता येतं म्हणे. १९४७ नंबर, नाहीतर आधारचं अ‍ॅप. कुलूप लावलं की अंगठाच चालत नाही. झालं, संपलं.

पुतणी : संपलं खरं, रेशनही संपलं. कुलूप लावलेला अंगठा रेशन दुकानाच्या मशिनवरही चालत नाही. मग तात्पुरतं कुलूप उघडा. त्याला काय लागतं? आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. तो नंबर बंद. तुमचा हा उपाय पुण्यातल्या माणसाचा आहे, नाना. त्याचं धान्य अंगठ्यावर येत नाही.

नाना : मग धान्य आणि पैसा वेगळा कर. खातीच दोन ठेवा. सरकारी पैसा जिथे येतो तिथे फक्त गरजेपुरतं, बाकीचं दुसऱ्या खात्यात. आणि त्या दुसऱ्या खात्यावर अंगठ्याने पैसे काढायची सोय बंद करा म्हणून बँकेला लेखी अर्ज द्यायचा. काही बँका बंद करून देतात.

पुतणी : हे मात्र चांगलंय. पण कुठल्या खात्यात सरकारी पैसा येतो हेच निम्म्यांना माहीत नसतं. आधार शेवटी जिथे जोडलं, तिथे तो जातो. २०१७ मध्ये आठवतं का? सिम घेताना अंगठा दिला, आणि एअरटेलच्या पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, गॅसची सबसिडी तिकडे गेली. लोकांना पत्ताच नाही. त्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने त्यांची ई-केवायसीची परवानगी थांबवली, मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटींचा दंड केला. तिथे अंगठा देणाऱ्याची काय चूक होती? अक्कल शिकवायची ती कोणाला?

पुतणीचा रोख इथे स्पष्ट होतो. तिच्या लेखी सावधगिरी हे गरिबाच्या डोक्यावर टाकलेलं आणखी एक ओझं आहे. यंत्र ज्यांनी बसवलं त्यांनी ते निर्धोक ठेवावं. तिच्याकडे पुरावेही आहेत. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून त्यांचे नकली अंगठे बनवल्याची प्रकरणं देशात निघाली, तेव्हा २०२३ मध्ये बोट खरं आहे की रबराचं, हे तपासणारी नवी पद्धत आधारने आणली. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अंगठ्यावर पैसे देणाऱ्या टेबलवाल्यांची नीट पडताळणी करायचं बँकांवर बंधन घातलं. म्हणजे सुधारणा वरूनच झाली, पाड्यावरच्या बाईने हुशार होऊन नव्हे. मात्र नानांचं दोन खात्यांचं साधं गणित कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहत नाही, हेही तितकंच खरं.

नाना : बँकेवर सगळं ढकलता येत नाही. माणसाने स्वतः पिन टाकला, तर बँक काय करणार?

पुतणी : तिथे तुमचं बरोबर. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात तसंच आहे. ओटीपी, पिन तुम्ही दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. पण तुमची काही चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं काहीच जात नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या शून्य शिल्लक खात्याला जास्तीत जास्त पाच हजारांची झळ. आणि चूक ग्राहकाची होती हे बँकेने सिद्ध करायचं, ग्राहकाने नाही.

नाना : हे मलाही नोकरीत असताना कोणी असं सोपं करून सांगितलं नव्हतं.

पुतणी : म्हणून आमच्याकडे पासबुक चार महिन्यांनी भरतात, त्याचं मला वाईट वाटतं. तीन दिवस कधीच निघून गेलेले असतात.

एका गोष्टीवर मात्र दोघांत वाद नाही: पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅन करा, पिन टाका, तुमच्या खात्यात येतील, असं म्हणणारा खोटाच. दुसऱ्याकडून पैसे मागवण्याची 'कलेक्ट'ची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतल्या व्यवहारात बंद झाली, तरी क्यूआर पाठवून पिन टाकायला लावणारे आहेतच. आणि पपईच्या बागेतला प्रकार वेगळाच. गाडी भरली, बाहेरचा व्यापारी मोबाइल पुढे करतो: हे बघा, टाकले. हिरवी खूण, रक्कम, तारीख सगळं बरोबर. 'रेंज नाही म्हणून मेसेज आला नसेल.' असा पडदा बनवून देणारी खोटी अ‍ॅप्स मिळतात. आपल्या खात्यातली शिल्लक आपल्या फोनवर वाढलेली दिसेपर्यंत ताडपत्री बांधू द्यायची नाही, मग व्यापारी कितीही जुना असो. उधारीवर माल द्यायचा असेल तर तो उधारी म्हणूनच द्यावा.

नाना : आता मला राग कशाचा येतो ते सांगतो. आपलीच पोरं. दोन-पाच हजार मिळतात म्हणून खातं भाड्याने देतात. पासबुक, एटीएम, सिम, सगळं उचलून दुसऱ्याच्या हातात. चोरीचा पैसा त्यातून फिरतो. ही पोरं फसलेली म्हणायची की फसवणारी?

पुतणी : 'कंपनीचा पगार जमा करायचाय' असं सांगून घेतात हो त्यांच्याकडून.

नाना : सिमसकट? पगारासाठी सिम कशाला लागतं? हे त्या पोराला कळतं. कळून तो गप्प बसतो.

पुतणीने यावर वकिली केली नाही, आणि करू नये. पोलिसांच्या भाषेतलं हे 'म्यूल अकाउंट'. पैशाचा माग काढत येणारा पहिला त्याच्याच दारात येतो, खरा सूत्रधार फार लांब असतो. खातं गोठतं ते गोठतंच, मग त्यात बापाच्या कापसाचे पैसे असोत की आणखी कशाचे. बेकार पोराला हे 'गुन्ह्यात साथ' वाटत नाही, 'कागद दिले' एवढंच वाटतं. त्याला आधी कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, आणि ते काम व्याख्यात्यापेक्षा त्याच्याच कट्ट्यावरचा, खातं गोठून बसलेला दोस्त जास्त चांगलं करेल.

नाना : बरं, पैसे गेलेच. मग? सायबर हेल्पलाइनचा १९३० लावा, हे आता मलाही पाठ आहे.

पुतणी : लावा, पण लगेच. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असतात. मध्ये कुठेतरी अडकवता आले तर आले. एकदा एटीएममधून रोख निघाली की संपलं. फोन करताना हाताशी काय हवं? पैसे कधी गेले ती वेळ, रक्कम, बँक आणि मेसेजमधला व्यवहाराचा बारा आकडी नंबर. नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. पण लोक लगेच लावत नाहीत, नाना. दोन दिवस घरात सांगत नाहीत. नवरा मारेल, सासू बोलेल, गाव हसेल. चोराला हे दोन दिवस फुकट मिळतात.

नाना : कारण माझ्यासारखे म्हणतात, हाव केली म्हणून फसला.

पुतणी : मी बोलले नाही हं.

नाना : तू तासभर तेच बोलतेयस. बरं, पण डोंगरात रेंज नाही, तिकडची बाई पावरी बोलते, तिकडून मराठी-हिंदीत प्रश्न येणार. ती कसा लावणार फोन?

पुतणी : माझ्याकडे यायचं. मी लावून देते, मीच बोलते. पैसे घेत नाही त्याचे.

नाना : आणि पैसे तुझ्याच टेबलावरून गेले असतील तर? तक्रार तुझ्याविरुद्ध, आणि फोन लावणार तू?

पुतणी : मग पाटीवर माझ्या नंबरशेजारी दुसऱ्या केंद्राचा नंबर लिहिते. माझ्यावर शंका असेल तर तिकडे जा, असं स्पष्ट.

नाना : लिही. आणि त्याच्या पाटीवर तुझा.

पुतणी : तो लिहू देईल? धंद्यात आमचं पटत नाही.

नाना : पटत नाही म्हणूनच तो नीट लक्ष ठेवेल. सोमवारी बाजार आहे ना? मी येतो त्याच्याशी बोलायला.